दोन्ही रेघा एकावर एक

९ जानेवारी

प्रिय मोजपट्टी,

अनेक आशीर्वाद.

पार्सल हाती आलं की आधी हे पत्र वाच, मग खोका उघड. तुझी सवय याच्या उलट आहे हे ठाऊक असल्यामुळे पत्र खोक्याच्या तोंडावरच चिकटवलं आहे. फोन का नाही केला, असं विचारशील. फोनवर तू नुसती "हो मामा, हो मामा" करतेस आणि ठेवलास की विसरतेस. कागद टेबलावर पडून राहतो आणि येता-जाता टोचतो.

खोक्यात माझा हेडफोन आहे. तुमच्या हेडफोनच्या कारखान्यातल्या मापनाच्या खोलीत तो मोजून हवा आहे. तुझ्या साहेबांची परवानगी लागेल, म्हणून माझा उद्योग त्यांना कळेल असा लिहितो, तू फक्त वाचून दाखव. चौतीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितशोधक होतो. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, मी अंधांच्या ग्रंथालयाची बोलकी पुस्तकं तपासू लागलो. कुणीतरी पुस्तक मोठ्याने वाचून त्याचं ध्वनिमुद्रण करतं. मी घरी तेच छापील पुस्तक मांडीवर घेतो, हेडफोन कानावर चढवतो आणि शब्द न शब्द ताडून बघतो. कुठे ओळ गळली, कुठे दोनदा वाचली गेली, की मिनिट आणि सेकंद टिपून ठेवायचं. ज्याला पान दिसत नाही त्याला गळलेली ओळ कधीच कळत नाही, म्हणून मी या कामाला आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बसतो. तुझी मामी हसते, हसू दे.

आता तक्रार. पूर्वी वाचणाऱ्याचा आवाज माझ्या दोन भुवयांच्या मधोमध येऊन बसायचा. गेले काही महिने तो बसतच नाही. डावीकडे म्हणावं तर नाही, उजवीकडे म्हणावं तर नाही, दोन्ही कानांच्या बाहेर कुठेतरी पसरून राहतो. भरदार आवाजाचा माणूससुद्धा पोकळ लागतो. अर्ध्या तासात डोकं जड होतं, लक्ष उडतं आणि एखाददुसरी चूक निसटते. दारात, बाजारात, फोनवर मात्र मला सगळं नीट ऐकू येतं.

मी अगदीच ढ नाही. एक प्रयोग केला. हेडफोन उलटा घातला, डावी वाटी उजव्या कानावर. एक वाटी बिघडली असती तर दोषही तिच्याबरोबर पलीकडे गेला असता. तो जागचा हलला नाही. म्हणजे दोष दोन वाट्यांमध्ये नसून त्या दोघींच्या मध्ये जे काही आहे त्यात असावा, असा मला संशय आहे. मामी म्हणते, ते तर पहिल्यापासूनच बिघडलेलं होतं.

ग्रंथालयाच्या बाईंनी पुढचं पुस्तक, चांगलं सहाशे पानांचं, माझ्यासाठी ठेवलं आहे. ते घ्यायचं की कान संपले असं समजून हात जोडायचे, हे मला ठरवायचं आहे. चेष्टा करत लिहिलं असलं तरी मी घाबरलो आहे. तू मोज आणि खरं काय ते कळव.

तुझा
मामा


२४ जानेवारी

प्रिय मामा,

पत्र आधी वाचलं, शपथ. साहेबांनाही वाचून दाखवलं. त्यांनी "तुमचे मामा आमच्याकडे येतील का कामाला?" असं विचारलं आणि दुपारचा एक तास मोजणीची खोली मला दिली.

ही खोली तू पाहिलेली नाहीस. भिंतींना, छताला, सगळीकडे स्पंजचे सुळके. दार लावलं की स्वतःचं आवंढा गिळणं ऐकू येतं. मधोमध एक पुतळा आहे, खांद्यापासून वर. त्याचे कान रबरी, आणि कानाच्या आत एकेक माइक. त्याला आम्ही जावईबापू म्हणतो, कारण तो नुसता बसून असतो आणि सगळं खातं त्याच्या दिमतीला. तुझा हेडफोन मी जावईबापूंना घातला. आम्ही स्वतः घालत नाही. बाहेरून आलेला, वापरलेला हेडफोन कुणी कानाला लावायचा नाही असा नियमच आहे, आणि खरं तर आम्हाला ऐकायची गरजही पडत नाही. आम्ही मोजतो.

सोबतचा आलेख कसा वाचायचा ते सांगते. डावीकडून उजवीकडे जाताना सूर चढत जातो. डाव्या टोकाला ढगांचा गडगडाट, उजव्या टोकाला डासाची गुणगुण, असं समज. रेघ जिथे वर, तिथे तो सूर मोठा. तीन हजाराच्या आकड्यापाशी एक टेकडी दिसेल, ती बघून दचकू नकोस. कानाची पाळी आणि आतली नळी मिळून तो सूर आपोआप उचलतात. टेकडी नसती तरच काळजी केली असती. अगदी उजवीकडे, आठ हजारांच्या पुढे, रेघ वेडीवाकडी नाचते. तेही मनावर घेऊ नकोस, हेडफोन केसभर सरकला तरी तिथलं चित्र बदलतं. म्हणून मी तो पाच वेळा काढला, पाच वेळा घातला आणि सरासरी काढली.

लाल रेघ उजव्या वाटीची, निळी डाव्या वाटीची. निळी कुठे आहे असं म्हणशील. ती लालच्या खाली लपली आहे. दोन्ही रेघा एकावर एक आहेत, मामा. कारखान्यातून आज निघालेल्या मालातही इतकं जुळत नाही, आणि तुझा हेडफोन तर माझ्या दहावीच्या वर्षीचा.

तेव्हा तुझा प्रयोगही बरोबर आणि संशयही बरोबर. हेडफोनात दोष नाही. वयोमानानुसार ऐकण्यात थोडा फरक पडतो, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. बाहेर माणसाचे ओठ दिसतात, डोळे कानांना मदत करतात. हेडफोनमध्ये ती मदत मिळत नाही, म्हणून तिथे आधी कळून येतं. एकदा कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन ये. चष्म्याचा नंबर बदलतो तसंच हे.

हेडफोन लगेच पाठवू की तुझं डॉक्टरांचं होईपर्यंत इथेच ठेवू? मामीला सांग, मधलं बिघडलेलं मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही.

तुझी
मोजपट्टी


१८ फेब्रुवारी

प्रिय मोजपट्टी,

तुझा आलेख पुस्तकांच्या कपाटाला आतून चिकटवला आहे. मामीला आधी ते डोंगराचं चित्र वाटलं.

डॉक्टरांकडे गेलो. एका पेटीसारख्या खोलीत बसवतात, कानात बारीक शिट्ट्या सोडतात, ऐकू आली की बटण दाबायचं. मी इतक्या मन लावून दाबत होतो की तिथली मुलगी म्हणाली, "आजोबा, अजून सुरू केलेलं नाही." त्यांनीही एक आलेख दिला. आता घरात दोन झाले. माझी रेघ डावीकडे बरी आहे, उजवीकडे जिन्यासारखी खाली उतरत जाते. डॉक्टर म्हणाले, वयोमानानुसार. तुझाच शब्द. दोन जाणत्या माणसांनी एकच शब्द वापरल्यावर मी त्यावर काय खूण करणार?

मग ग्रंथालयात गेलो आणि बाईंना सांगून टाकलं की माझे कान गेले. त्या ऐकेनात. म्हणाल्या, थोडी विश्रांती घ्या आणि परत या. शेवटी मी खिशातून त्यांचाच एक कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्या कागदाबद्दल मी तुला लिहिलं नव्हतं. 'एखाददुसरी चूक निसटते' असं लिहिलं होतं, ते खोटं होतं. मी तपासून दिलेल्या शेवटच्या पुस्तकात अकरा चुका राहिल्या. एके ठिकाणी तर अख्खी ओळ दोनदा. त्या सापडल्या ग्रंथालयाच्याच एका वाचक मुलीला. ती इस्पितळात टेलिफोनवर बसते, जन्मापासून तिला दिसत नाही. तिने अकरा जागा बाईंना सांगितल्या, बाईंनी त्या कागदावर उतरवून माझ्याकडे पाठवल्या, आणि दोघींनी मला एका शब्दाने दुखवलं नाही. चौतीस वर्षांत माझ्या हातून एका पुस्तकात अकरा चुका कधी सुटल्या नव्हत्या, पोरी.

सहाशे पानांचं पुस्तक आता तपासायला त्या मुलीकडे गेलं. योग्यच झालं.

हेडफोन परत पाठवू नकोस. जावईबापूंना माझ्याकडून भेट. मी मजेत आहे. कितीतरी वाचायचं राहून गेलं होतं, ते आता होईल.

तुझा
मामा


२१ मार्च

प्रिय बाळ,

मी काही पत्र लिहिणारी नव्हे, तुला माहीत आहे. हे पत्र लिहिते आहे याचा यांना पत्ता नाही. हे भाजी आणायला गेलेत, तेवढ्या वेळात लिहून टाकते.

'मजेत आहे' असं यांनी तुला कळवलं असेल. ते खरं नाही. सकाळी उठतात, पुस्तक उघडतात आणि त्याच पानावर दुपार करतात. दारावरची घंटा वाजली की माझ्याकडे बघून विचारतात, "वाजली का गं?" वाजलेली यांना कळते. मान घंटेबरोबरच वळते. पण मी हो म्हटल्याशिवाय उठत नाहीत. पाहुण्यांशी बोलणं टाळतात, कारण समोरचा काय म्हणाला ते चुकीचं ऐकलं तर काय, अशी भीती. या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आणि आता स्वतःच्या कानांवर यांचा काडीचा विश्वास राहिलेला नाही. मला ते बघवत नाही.

आता ऐक. परवा मी स्वयंपाकघरात उभी राहून अगदी हळू, स्वतःशीच पुटपुटले, "चष्मा कुठे ठेवला मी?" आतल्या खोलीतून उत्तर आलं, "फ्रिजवर." मी आत जाऊन विचारलं, हे कसं ऐकू आलं? तर म्हणाले, नुसता अंदाज. बाळ, मला तुमच्या रेघांमधलं काही कळत नाही. पण ज्याचे कान गेलेत त्याला दोन खोल्यांपलीकडचं पुटपुटणं ऐकू येत नाही, एवढं मला कळतं.

आणखी एक. तुला सांगू नको असं यांनी बजावलं होतं, तरी सांगते. हा त्रास 'काही महिने' वगैरे नाही. गेल्या जूनमध्ये तू चार दिवस येऊन गेलीस ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सुरू झाला. तू निघायच्या आधी हेडफोन उघडून काहीतरी दुरुस्त केलं होतंस, ते मला आठवतं. यांनाही आठवतं. पण तुझं नाव निघालेलं यांना चालत नाही.

एकदा परत बघशील का?

तुझी
मामी


२८ मार्च

प्रिय मामा,

हे पत्र मी दोनदा लिहिलं. पहिल्या कागदावर 'डाव्या वाटीतल्या तारा कुणीतरी उलट जोडल्या होत्या' असं वाक्य होतं. तो कागद फाडला. आता नीट लिहिते. तारा मी उलट जोडल्या होत्या.

जूनमध्ये तुझी डावी वाटी मुकी झाली होती, वायर आतून तुटली होती. माझी बस दोन तासांनी होती. मी म्हटलं, आण इकडे, रोजचंच काम आहे माझं. वाटी उघडली, तारा सोल्डर केल्या, डावीच वाटी कानाला लावून गाणं ऐकलं, वाजली. तू टाळ्या वाजवल्यास आणि मी निघाले. दोन्ही वाट्या एकदम कानाला लावून मी ऐकलंच नाही.

मामीचं पत्र आल्यावर मी जानेवारीतली मोजणी परत उघडली. यंत्र दर वेळी दोन गोष्टी नोंदवतं. एक, कुठला सूर किती मोठा. तो आलेख तुझ्या कपाटावर आहे. दुसरी म्हणजे फेज, त्या सुराची लाट कुठल्या क्षणी आत ढकलते आणि कुठल्या क्षणी बाहेर ओढते. फेजचा आलेख करवतीच्या दातांसारखा दिसतो, वाचायला किचकट, म्हणून आमच्या छापील नमुन्यात तो नसतो. नसतो म्हणून मी बघत नाही. इतकं साधं कारण आहे.

या वेळी दोन्ही बाजूंची फेज एकमेकींवर ठेवली. डावी आणि उजवी यांच्यात एकशे ऐंशी अंशांचा फरक, म्हणजे बरोबर अर्धा फेरा. खालच्या सुरांपासून वरच्या सुरांपर्यंत तेवढाच. एखादी वाटी नुसती मागे पडत असती तर सूर चढेल तसा फरक वाढत गेला असता. सगळीकडे सारखाच फरक याचा अर्थ एकच, तारांची अदलाबदल.

दोन माणसं कपाट उचलतायत असं समज. दोघांचा जोर अगदी सारखा, पण एक वर उचलतो तेव्हा दुसरा खाली दाबतो. जोर मोजायला गेलास तर दोघंही उत्तम. माझ्या आलेखात नुसता जोर होता. तुझी उजवी वाटी कानाचा पडदा आत ढकलत होती त्याच क्षणी डावी तिच्या बाजूचा पडदा बाहेर ओढत होती. असा आवाज डोक्याच्या मधोमध बसूच शकत नाही, आणि खर्ज पोकळ लागतो. तू पहिल्या पत्रात जे लिहिलंस ते शब्दशः हेच. हेडफोन उलटा घालून पाहिलास तरी काही बदलणार नव्हतं, कारण कुठल्याही बाजूने घातला तरी एक ढकलणार आणि एक ओढणार. फोन तू एकाच कानाला लावतोस, म्हणून तिथे सगळं ठीक.

मग मी नियम मोडला. दार लावून तुझा हेडफोन स्वतःच्या कानांवर चढवला. पाच सेकंद लागले, मामा. पाच सेकंदांत कळलं. जानेवारीतच हे केलं असतं तर तू बाईंपुढे तो कागद ठेवायला गेला नसतास.

वाटी उघडली तर आत माझंच सोल्डर, चकचकीत. तारा सरळ केल्या, दोन्ही वाट्या मोजल्या, फेजसकट, आणि दोन्ही कानांनी ऐकल्या. हेडफोन सोबत पाठवते आहे. माफी कशी मागायची ते कळत नाही. तुझे नऊ महिने मी खाल्ले आणि वर तुलाच म्हातारा म्हटलं.

तुझी
भाची


८ एप्रिल

प्रिय मोजपट्टी,

सहीत 'भाची' लिहिलंस ते मी खोडलं आहे.

तारांबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. छापखान्यात असताना मी मालकाच्याच मुलीच्या लग्नपत्रिकेत तारीख चुकीची जाऊ दिली होती. पंचवीस माणसं आदल्या दिवशी जेवायला हजर झाली. हातून चूक होते, त्यासाठीच तपासणारा लागतो.

पण दुसऱ्या गोष्टीसाठी तुझे कान उपटणार आहे. 'वयोमानानुसार' हे तुला कुठल्या यंत्राने सांगितलं? ते तू मोजलं नव्हतंस. मला वाईट वाटू नये म्हणून मऊ शब्द शोधलास, आणि त्या मऊ शब्दाने मला घरी बसवलं. 'एवढं मोजलं, एवढं मोजलेलं नाही' असं लिहिलं असतंस तर मी दुसऱ्या दिवशी तुला दहा प्रश्न विचारले असते.

आता माझी पाळी. त्रास सुरू झाल्याची तारीख मी मुद्दाम लपवली. तू त्या दिवशी वाटी बंद करताना इतकी खूश होतीस की दुसऱ्या दिवशी आवाज पसरला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला, पोरीच्या हातात खोट असणं शक्य नाही, माझ्यातच असेल. तुला कमीपणा येऊ नये म्हणून गप्प बसलो. तू मला जपलंस, मी तुला जपलं, आणि मधल्या मधे अकरा चुका घेऊन ते पुस्तक लोकांच्या घरी गेलं.

हेडफोन आला. मामी समोर बसून राहिली होती. सुरू केला, आणि आवाज आला तो थेट भुवयांच्या मध्ये येऊन बसला. मामी रडली, तिच्यावरून समज.

तेच पुस्तक पहिल्यापासून परत ऐकलं, चार दिवस. त्या मुलीच्या अकराही जागा सापडल्या. शिवाय आणखी पाच. त्या पाचही गळलेल्या ओळी आहेत. त्या तिला सापडणं शक्यच नव्हतं, आवाज न अडखळता पुढे जातो.

तरी ग्रंथालयात जायला पाय उचलत नाही. डॉक्टरांची ती जिन्यासारखी रेघ खोटी नव्हती ना? ती सोबत पाठवतो. जावईबापूंची वाचतेस तशी माझी वाच. आणि या वेळी गोड लिहू नकोस.

तुझा
मामा


१६ एप्रिल

प्रिय मामा,

वाचली. आधी हेडफोनसारखी, मग आमच्या शहरातल्या कानाच्या डॉक्टरांना दाखवून.

दोन हजारापर्यंत तुझे कान आमच्या साहेबांपेक्षा चांगले आहेत. चार हजारापाशी रेघ शून्यावरून तीस डेसिबलवर उतरली आहे, आठ हजारापाशी पन्नासवर, म्हणजे तेवढा सूर मोठा केला तरच तुला ऐकू येतो. दोन्ही कान सारखे. माणसाच्या बोलण्याचा बहुतेक अर्थ चार हजाराच्या आत असतो, तो तुला मिळतो. स, श यांच्यातली सळसळ त्याच्या वर असते, ती तुला पुसट लागणार. आवाज थोडा मोठा ठेवलास तर बरीच परत मिळेल, सगळी नाही. तिथे तुझ्याकडून चूक निसटू शकते, हे लिहून ठेवते.

पाच वर्षांनी काय होईल ते या कागदात नाही, म्हणून त्याबद्दल काही लिहीत नाही. अर्ध्या तासानंतर तुझं लक्ष किती टिकतं तेही मोजलेलं नाही. दरवर्षी तपासणी करून कागद मला पाठव. ज्या वर्षी या कामाला कान पुरणार नाहीत असं दिसेल, त्या वर्षी मी तेच शब्द लिहीन, दुसरे नाही.

आज ते पुरतात.

तुझी
मोजपट्टी


१४ मे

प्रिय मोजपट्टी,

तुझं पत्र खिशात घालून ग्रंथालयात गेलो. बाईंना तारांची सगळी हकिगत सांगितली आणि पाच गळलेल्या ओळींचा कागद दिला. बाईंनी तो वाचला आणि लगेच इस्पितळात फोन लावला, त्या टेलिफोनवाल्या मुलीला. सहाशे पानांपैकी दोनशे तिची ऐकून झाली होती आणि ती अडून बसली होती. फोनवर मलाच म्हणाली, "काका, जे वाचलंच नाही ते मला कसं कळणार? माझ्यापाशी पान नाही." मी म्हटलं, माझ्यापाशी पान आहे, पण वरचे सूर नाहीत. ती म्हणाली, "ते माझ्याकडे भरपूर आहेत."

आता आठवड्यातून तीन दिवस, तिची पाळी संपली की चार वाजता आम्ही ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत बसतो. एका यंत्राला दोन हेडफोन. ती ऐकते, मी ऐकतो आणि ओळीवर बोट फिरवतो. काम पूर्वीसारखं माझ्या एकट्याचं राहिलेलं नाही. पहिल्या दिवशी त्याचं थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मी बसलो होतो तेही परीक्षेला बसल्यासारखा. चाळीस मिनिटं गेली, एक चूक नाही. वाचणारा चांगला होता म्हणून, की मला ऐकूच येत नव्हती म्हणून, हे मला कळेना. चष्म्यावर वाफ धरली तशी मी तो काढून पुसायला घेतला. चष्म्याशिवाय मला पान म्हणजे करडा कागद, त्यावर अक्षर आहे इतकंही दिसत नाही.

नेमकं तेव्हाच वाचणाऱ्याने एका वाक्याच्या शेवटचा 'नाही' गिळला. अगदी सफाईने, 'ना' एवढाच श्वासासारखा उरला. आणि आम्ही दोघांनी एकदमच "थांबा" म्हटलं.

तिने यंत्र थांबवलं. म्हणाली, "पानात बघा ना काका, 'नाही' आहे का?"

मी म्हटलं, "एक मिनिट. चष्मा हातात आहे, घालून बघतो."

मग तिने विचारलं, "म्हणजे तुम्ही कानानेच पकडलंत?"

"हो," मी म्हटलं. "कानाने."

मग चष्मा घातला, पान पाहिलं, 'नाही' होता. मिनिट आणि सेकंद लिहिलं आणि आम्ही पुढे सुरू केलं.

तुझा
मामा